मदत हवी आहे: ब्लॅक टँक रिकामा केला तरी दिवा 'दोन तृतीयांश'वरच

ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) संडासाची टाकी, म्हणजे ब्लॅक टँक, पूर्ण रिकामी केली तरी पॅनेलवर दोन तृतीयांशचा दिवा पेटलेलाच राहतो. ग्रे (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या) आणि ताज्या पाण्याच्या टाक्यांचे दिवे बरोबर चालतात, त्यामुळे पॅनेल किंवा बॅटरीचा दोष वाटत नाही. पातळी ओळखणारे प्रोब जुन्या पद्धतीचे, टाकीच्या भिंतीतून स्क्रूसारखे आत गेलेले आहेत.

व्हॉल्व्ह बंद ठेवून टाकी बऱ्यापैकी भरल्यावरच सोडतो, आधी ब्लॅक आणि मग ग्रे. कागद लवकर विरघळणाराच वापरतो. कमोडमधून धुण्याची लांब कांडी घालून, पाइपच्या पारदर्शक एल्बोत स्वच्छ पाणी दिसेपर्यंत टाकी धुतली. थोडं पाणी आणि भांड्यांचा साबण घालून ट्रेलर फिरवला, तेव्हा दिवा विझला, पण थोड्याच वापरानंतर पुन्हा पेटला. टॉर्चने पाहिलं तर तळाशी कागदाचा ढीग नाही. प्रोबची बाजू मात्र तिथून दिसतच नाही, म्हणून तिथे घाणीचा थर चिकटला असावा असा संशय आहे.

आम्ही बहुतेक वेळा ड्रेनेजची सोय नसलेल्या जागी मुक्काम करतो, म्हणून पातळी नीट कळणं गरजेचंच आहे. टाकी सेप्टिक टँकमध्ये सोडावी लागते, तेव्हा ब्लीच किंवा फॉर्मल्डिहाइडवालं औषध नको. खालून बंदिस्त आवरण आहे. ते कापायचं तर खात्री झाल्यावरच.

एन्झाइम घालून टाकी प्रोबच्या वरपर्यंत भरून किती दिवस ठेवली की हा थर सुटतो? आणि बाहेरून चिकटवायचे सेन्सर लावले, तर आतल्या थरामुळे तेही चुकीचंच दाखवतील का?