डार्क शॅडोजमधली पोरं: कुणाचं काम तुमच्या लक्षात राहिलं?

कंदीलवाला

मंडळी, गेले दोन महिने रात्री जेवणं आटपली की टुबी नावाच्या स्ट्रीमिंग ॲपवर डार्क शॅडोज बघतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही एबीसीवरची १९६६ ते १९७१ ची अमेरिकन सिरीयल, दुपारी लागायची, रोज अर्धा तास, एकूण १२२५ एपिसोड. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट नावाचं काल्पनिक गाव, समुद्राकाठी कड्यावर कॉलिनवूड नावाचा मोठा वाडा, वाड्यात भुतं, शाप, चेटकीण आणि पावणेदोनशे वर्षं शवपेटीत पडलेला बार्नबस कॉलिन्स. इथे न्यू जर्सीत माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ आहेत, पासष्टीचे, ते म्हणाले शाळा सुटली की आम्ही दप्तर घेऊन धावत घरी यायचो हे बघायला. म्हणून लावली.

तर प्रश्न असा की जिथे वाचावं तिथे यातल्या बालकलाकारांचं कौतुक आहे, विशेषतः वाड्यातल्या पोराचं, डेव्हिडचं, काम करणाऱ्या डेव्हिड हेनेसीचं, आणि मला अजून ते काही दिसलं नाहीये. पोरगा ठीक आहे, तळघरात डोकावतो, मोठ्यांना नको ते प्रश्न विचारतो, पण डोक्यावर घेण्यासारखं काय आहे? आणि ती सारा, बार्नबसची मेलेली बहीण, ती तर मला शाळेच्या गॅदरिंगमधे पाठ केलेलं म्हणून दाखवतेय असंच वाटतं. मी साधारण साठ-सत्तर एपिसोड बघितलेत. माझं काही चुकतंय का, की लोक जुन्या आठवणींमुळे हळवे होतात?

दुपारचीझोप

तुम्ही पहिला एपिसोड म्हणून जो बघितलात त्यात विली शवपेटी उघडतो आणि आतून हात बाहेर येतो, बरोबर? तो २१० वा एपिसोड आहे हो. ॲपवर तिथूनच सुरू करतात कारण बार्नबस तिथे येतो. आधीचे २०९ 'द बिगिनिंग' नावाने वेगळे टाकलेले असतात. आणि डेव्हिडचं अर्धं काम त्या २०९ मधे आहे!! म्हणजे तुम्ही मध्यंतरानंतर थेटरात शिरलात आणि विचारताय हा कोण.

तिथला डेव्हिड नुसता आगाऊ नाही. नऊ वर्षांचं पोरगं बापाच्या गाडीच्या ब्रेकमधला व्हॉल्व काढून ठेवतं, बाप उतारावरून गाडी घेऊन जातो, अपघात होतो, वाचतो. मग तो व्हॉल्व हा स्वतःच्या खोलीत लपवतो, गव्हर्नेस व्हिक्टोरियाच्या हाती लागतो, पुढे तोच नेऊन बापाचा जुना वैरी बर्क डेव्हलिन याच्या हॉटेलातल्या खोलीत टाकून येतो, म्हणजे आळ बर्कवर यावा. बर्क हा त्याच्याशी धड बोलणाऱ्या मोजक्या मोठ्या माणसांपैकी. हेनेसीने हे सगळं खलनायकासारखं नाही केलंय, बापाचं नाव काढलं की आवाज चढतो आणि पुढच्याच वाक्यात घाबरून कुणाच्या तरी कुशीत जायचं असतं पण जायला कुणी नसतं. बाप रॉजर त्याला उघडउघड नकोसा म्हणतो. समोर लुई एडमंड्स आणि जोन बेनेट, म्हणजे हॉलिवूडची जुनी स्टार, आणि हा पोरगा त्यांच्यापुढे कुठेच कमी पडत नाही.

नंतर आई परत येते, लॉरा, काम डायना मिलेचं. आधी हा तिला घाबरतो, मग आई हवीशी वाटायला लागते, आणि आई म्हणजे फिनिक्स, मुलाला बरोबर घेऊन आगीत जाणार. मार्च १९६७ मधे त्या मासेमारीच्या झोपडीला आग लागलीये, आत आई हाका मारतेय, बाहेर व्हिक्टोरिया ओरडतेय, आणि हा मधे. तो सीन बघा आणि मग इथे येऊन बोला.

खिडकीपाशी

दुपारचीझोप यांना +१००. त्या डेव्हिडने व्हिक्टोरियाला बंद पडलेल्या विंगमधल्या खोलीत कोंडून ठेवलं होतं तेही सांगा की. मी ते बघत असताना माझा मुलगा साडेआठ वर्षांचा होता आणि मी दोन दिवस त्याच्याकडे संशयाने बघत होते 😄

पण मला साराबद्दल लिहायचंय कारण कंदीलवालांनी गॅदरिंग म्हटलं ते मला झोंबलं. शेरन स्मिथ तेव्हा दहा-अकरा वर्षांची. मान्य, तिचं बोलणं सपाट आहे, चेहरा फारसा हलत नाही, कधीकधी वाक्याच्या आधी एक पॉज येतो की वाटतं विसरली. पण अहो ती भूत आहे! १९६७ च्या उन्हाळ्यात, अजून ब्लॅक अँड व्हाइट चालू होतं (रंग ऑगस्टमधे आले), बार्नबसने पळवलेली गावातली मॅगी त्याच्या ओल्ड हाऊसच्या तळघरात कोंडलेली, आणि गजांबाहेर एक टोपीवाली मुलगी कापडी बाहुली घेऊन बसलीये आणि 'लंडन ब्रिज' गुणगुणतेय. मॅगी जिवाच्या आकांताने सांगतेय की कुणाला तरी बोलाव, आणि हिला खेळायचंय. तिथे एखादी गोड, हावभाव करणारी मुलगी असती तर सगळं हास्यास्पद झालं असतं. तिला मॅगीची घाई कळतच नाही हे त्या सपाटपणामुळे पटतं. मेलेल्या माणसाला कसली आलीये घाई. शेवटी सुटकेचा रस्ता सांगते तोही सरळ नाही, कोड्यात.

आणि पुढे १७९५ मधे गोष्ट जाते तेव्हा तीच सारा जिवंत दिसते, बार्नबसच्या मागेमागे करणारी. मग एका रात्री दादाचं काय झालंय ते तिला दिसतं, घाबरून पळते, थंडीपावसात आजारी पडते आणि त्याच्याच हातांत जाते. बार्नबस करणाऱ्या जोनाथन फ्रिडचा चेहरा तिथे बघवत नाही. हे पुढे येणार म्हणून सांगून टाकलं, सॉरी, पण साठ वर्षं झालीत सिरीयलला, स्पॉयलरची मुदत संपली.

बटाटेवडा

साराच्या बाबतीत मी कंदीलवालांच्या बाजूने. भूत आहे म्हणून सपाट, हे आपण नंतर शोधलेलं कारण आहे. पोरगी भांबावलेली होती आणि ते उपयोगी पडलं, एवढंच. काम परिणामकारक होतं हे मान्य, पण त्याचं श्रेय लेखकाला, टोपीला आणि त्या बासरीच्या सुरांना द्या.

अर्थात एक गोष्ट लक्षात घ्या, कुठल्या परिस्थितीत करायचे ते. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत सकाळी तालीम, दुपारी टेपिंग, आणि टेपिंग जवळजवळ लाइव्हसारखं, कारण टेप एडिट करणं महाग. मोठे मोठे नट वाक्य विसरायचे, फ्रिड टेलिप्रॉम्प्टरकडे बघताना सरळ दिसतो, माइकची सावली भिंतीवर नाचते, सेट हलतो. त्यात ही पोरं. हेनेसी मात्र क्वचित अडखळतो. मोठ्यांची गाडी रुळावरून घसरली की हा पुढचं वाक्य टाकून सीन ओढून नेतो, दोन-तीनदा मी परत मागे नेऊन बघितलंय. आपल्याकडच्या कोकणातल्या वाड्यांच्या सिरीयलींत पोरांना नुसतं 'आई ते बघ' म्हणून बोट दाखवायला ठेवतात, इथे पोरांच्या जिवावर आठवडेच्या आठवडे काढलेत.

निशाचर७९

सगळे पहिल्या वर्षातच अडकलात राव. खरी मजा १९६८ च्या शेवटी येते, एमी जेनिंग्ज आली की. डेनिस निकरसन. हो हो, तीच, १९७१ च्या विली वाँका सिनेमातली च्युइंगम खाऊन निळी होणारी व्हायोलेट. २०१९ मधे गेली बिचारी.

डेव्हिड आणि एमी पडीक विंगमधे फिरतात, तिथे जुना टेलिफोन सापडतो, लाइन केव्हाच तुटलेली, आणि तरी पलीकडून कुणीतरी आहे. मग भिंतीमागची खोली, खुर्चीत सांगाडा, ग्रामोफोन. क्वेंटिन कॉलिन्सचं भूत. ते काम करणाऱ्या डेव्हिड सेल्बीला सुरुवातीला एक शब्द बोलायला दिला नव्हता, नुसता उभा राहून बघायचा, त्यामुळे भीती दाखवायचं सगळं ओझं या दोन पोरांवर. हेन्री जेम्सच्या त्या दोन मुलं आणि गव्हर्नेसच्या गोष्टीतून सरळ उचललंय, पण उचलून काय छान वापरलंय! एमीला हे नकोय, तिला कळतंय की वाईट चाललंय, डेव्हिड कधी धमकावतो कधी गोड बोलतो, आणि मोठं कुणी खोलीत आलं की दोघं क्षणात शहाणी मुलं. तो बदल निकरसन डोळ्यांनी करते. अकरा वर्षांची होती.

आणि हेनेसीचं सर्वांत भारी काम डेव्हिड म्हणून नाहीच, ते आहे गोष्ट १८९७ मधे जाते तेव्हा त्या काळातला कॉलिन्सांचा मुलगा जेमिसन म्हणून. जेमिसनला काउंट पेटोफी नावाचा जादूगार पछाडतो. पेटोफी म्हणजे थेयर डेव्हिड, स्थूल, म्हातारा, गोड बोलून गळा कापणारा. बारा वर्षांच्या पोराने त्याची नक्कल नाही केली, त्याच्या बोलण्यातला तो मिटक्या मारत मजा घेणारा सूर तेवढा उचलला. स्वतःच्या बापाशी असा बोलतो की आपण वयाने दोनशे वर्षांनी मोठे आहोत. मग पापा देतो आणि ज्याला पापा दिला त्याचं डोकं फिरतं, बाप एडवर्ड स्वतःला कुठल्याशा अर्लचा नोकर समजून घरात सगळ्यांपुढे अदबीने वाकायला लागतो. हे एकाच वेळी विनोदी आहे आणि अंगावर येतं.

खिडकीपाशी

अगदी! पापा देणं इतकं भीतीदायक मी दुसरीकडे कुठे नाही बघितलं.

बटाटेवडा

जेमिसनला माझाही सलाम, तिथे वाद नाही. पण मग लेव्हायथनवाला भाग पण सांगा ना, झटपट वाढणारं पोर, आधी अलेक्झांडर मग मायकल. मायकल मेटलंडने वाईट नाही केलं, हुकूम सोडणारा थंड मुलगा बरा जमलाय, पण गोष्टच इतकी गंडलेली की पोर काय करणार. आणि शेवटी शेवटी कॅथी कोडी आली हॅली म्हणून, तोवर हेनेसी चौदाच्या आसपास, आवाज फुटलेला, पुन्हा तेच भुताने झपाटणं. मी तिथे पळवत पळवत बघितलं.

दुपारचीझोप

अवांतर, १९९१ मधे एनबीसीवर नव्याने केली होती तेव्हा डेव्हिड कोण होता माहितीये का? जोसेफ गॉर्डन-लेव्हिट! बाराच एपिसोड चालली. त्यातला डेव्हिड गोडच आहे, पण मला जुना बघितल्यावर तो फार सांभाळून ठेवलेला मुलगा वाटला. जुन्याचे केस विंचरलेले असतात, ब्लेझर घातलेला असतो, आणि तरी बघता क्षणी कळतं की याच्याकडे घरात कुणाचं लक्ष नाही.

कंदीलवाला

सगळ्यांना धन्यवाद. बिगिनिंग शोधून लावलं, शनिवार-रविवारात वीस एपिसोड झाले, बायको म्हणतेय यात तर एकही भूत नाहीये आणि तरी बंद कर म्हणत नाही. ब्रेकचा व्हॉल्व आला. पोरगं हातातली ती लोखंडी वस्तू इतकी सहज खिशात टाकतं की मी दोनदा बघितलं. दुपारचीझोप, तुमचं म्हणणं मान्य, मी मध्यंतरानंतरच आलो होतो.

साराबद्दल मात्र अजून बटाटेवड्याच्या पार्टीत. फक्त काल रात्री पाणी प्यायला उठलो तर तोंडात 'लंडन ब्रिज' होतं, ते कुणाच्या खात्यात टाकायचं ते तुम्हीच ठरवा.