एक तरी चाळ राहू द्या

'मुंबईतल्या बीडीडी चाळी पाडू नका, तो वारसा आहे' असं काही जण म्हणतात. बीडीडी म्हणजे ब्रिटिश काळातलं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, त्याने बांधलेल्या या चाळी. ते म्हणणं मला अर्धंच पटतं. माझी मावशी वरळीच्या चाळीत राहायची. १६० चौरस फुटांची खोली, संडास सगळ्या मजल्याला मिळून. पावसाळ्यात छताचे पोपडे थेट ताटात पडायचे. आता पुनर्विकासात तिथल्यांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, ते हक्काचंच आहे. पण १९२०च्या दशकातल्या या चाळींच्या कॉरिडॉरमध्ये गिरणी कामगारांच्या पिढ्या वाढल्या. परळच्या बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, अशाच एका चाळीत तर खुद्द डॉ. आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. हेरिटेज म्हटलं की आपल्याला फोर्टातल्या दगडी कमानीच आठवतात. वरळीची किमान एक चाळ मोरी, कठडे, सामायिक नळासकट जशीच्या तशी ठेवायला हवी. नुसत्या फलकाने भागणार नाही.