लक्षद्वीपच्या क्रूझची तयारी : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-३०४ : सर्वांना नमस्कार. आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळातील काही जोडपी मुंबईहून गोवामार्गे लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचे आरक्षण या आठवड्यात करणार आहेत. आमच्यापैकी कोणीही आजवर बोटीवर मुक्काम केलेला नाही. ए-७०२ चे काका मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी तयारीविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ए-७०२ : आरक्षण अजून व्हायचे आहे हे बरे झाले, कारण निम्मी तयारी तिथेच होते. पहिली गोष्ट तारखेची. पावसाळा संपला म्हणजे अरबी समुद्र शांत झाला असे नव्हे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येथे चक्रीवादळे उठतात आणि २०१७ साली ओखी वादळाने डिसेंबरच्या सुरुवातीला लक्षद्वीपलाच तडाखा दिला होता. त्यामुळे शक्य असल्यास डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतची तारीख घ्यावी.

दुसरी गोष्ट केबिनची. एजंट वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीची शिफारस करील, कारण तिचे भाडे जास्त असते. परंतु जहाजाचे डोलणे वरच्या मजल्यांवर आणि दोन्ही टोकांना अधिक जाणवते, तर खालच्या डेकवर मध्यभागी ते सर्वांत कमी असते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी खिडकी नसली तरी चालेल, पण मधली आणि खालची केबिन मागून घ्यावी. लिफ्टजवळची केबिन गुडघेदुखीवाल्यांना सोयीची असते; मात्र डिस्कोच्या खाली किंवा स्वयंपाकघराच्या वर आपली केबिन येत नाही ना, हे डेकच्या नकाशावर आधी पाहावे.

सी-१०१ : काका, बोट लागू नये म्हणून कोणती गोळी घ्यावी?

ए-७०२ : ॲवोमाइन बहुतेकांच्या घरी असते. ती उलटी सुरू झाल्यावर नव्हे, तर जहाज सुटण्याच्या तासभर तरी आधी घेतली तर उपयोग होतो. परंतु तिने झोप येते आणि तोंड कोरडे पडते. ज्यांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. पोट रिकामे ठेवण्याची चूक अनेकजण करतात. थोडे कोरडे खावे, मोकळ्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावे, आणि केबिनमध्ये पडून मोबाइल वाचणे मात्र टाळावे. पाकीटबंद आलेपाक जवळ असू द्यावा. तो खलाशीसुद्धा चघळतात.

बी-५०३ : घरचे खाद्यपदार्थ नेता येतात का? आमच्याकडे थालीपिठे आणि मेतकुटाशिवाय प्रवास होत नाही. शिवाय सकाळी चहासाठी छोटी किटली घेणार आहे.

ए-७०२ : वहिनी, किटली घरीच ठेवावी. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड आणि एक्स्टेन्शन बोर्ड या वस्तू आगीच्या धोक्यामुळे सामानाच्या तपासणीत काढून घेतल्या जातात आणि उतरताना परत मिळतात. भर समुद्रात आग ही सर्वांत मोठी भीती असते. तिथे अग्निशमन दल बाहेरून येत नाही, आम्हीच ते असतो. घरी शिजवलेल्या पदार्थांनाही बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत. कंपनीचे पाकीटबंद मेतकूट चालेल का, हे त्यांच्या यादीत पाहून घ्यावे. उपवासाचे, जैन किंवा बिनमिठाचे जेवण हवे असल्यास ते आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. आयत्या वेळी सांगितल्यास आचारी नाही म्हणत नाही, पण ताटात उकडलेल्या भाज्या येतात.

आता सामानाविषयी, कारण पहिल्या दिवशी सर्वांची तारांबळ येथेच उडते. मोठ्या बॅगा धक्क्यावरच पट्टी लावून ताब्यात घेतल्या जातात आणि केबिनच्या दाराशी पोहोचायला कित्येकदा संध्याकाळ होते. म्हणून सर्व औषधे, चष्मा, मूळ ओळखपत्र, तिकिटाची छापील प्रत, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत असावा. लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो; तो कंपनी काढणार आहे की आपण, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. आणि टॅक्सीवाल्याला भाऊचा धक्का सांगू नये, तिथून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी फेरीबोट) सुटते. आपल्याला बॅलार्ड पियरला जायचे आहे.

ए-२०४ : चढल्यावर म्हणे कसलीशी कवायत असते. आमच्या नातेवाइकांनी ती चुकवली होती.

ए-७०२ : चुकवू नये. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की आपल्या ठरलेल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमण्याच्या जागी, जायचे, एवढेच त्यात शिकवतात. पण ते ठिकाण पायांनी एकदा गाठलेले असावे लागते. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळले आणि ३२ माणसे दगावली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तेव्हा झालेलीच नव्हती, कारण चोवीस तासांच्या आत ती घेतली तरी नियमाला चालत होते. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ती घ्यावी लागते.

सी-१०१ : लक्षद्वीपला बोट थेट किनाऱ्याला लागते का? ह्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे.

ए-७०२ : ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात हे चांगले केले. बेटांभोवती प्रवाळाची कडा आणि आत उथळ पाणी असल्याने मोठे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान नावांतून नेतात. जहाजाच्या कुशीतल्या दारातून नावेत पाऊल टाकायचे असते. नाव लाटेबरोबर हातभर वर-खाली होते. ती वर येऊन दाराशी समपातळीत आली की खलाशी ‘आता’ म्हणतो आणि कोपराखाली घट्ट धरतो. त्या क्षणी पाऊल टाकायचे, नाव खाली जाऊ लागल्यावर नाही. म्हणून दोन्ही हात मोकळे, पिशवी पाठीवर, काठी खलाशाच्या हातात आणि पायात पट्ट्याची सपाट चप्पल असावी. भीती वाटली तर जहाजावरच थांबावे. त्या दिवशी डेक रिकामा असतो आणि मला तर तोच सर्वांत चांगला दिवस वाटतो. लाटा मोठ्या असल्यास कप्तान बेटावर उतरणे रद्द करतो, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नसतो. बेटावरून प्रवाळाचा तुकडाही उचलू नये, तो कायद्याने गुन्हा आहे.

बी-३०४ : मोबाइल आणि औषधोपचारांचे काय?

ए-७०२ : किनारा दूर गेला की आपले नेटवर्क जाते. आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असेल तर फोन जहाजाचे उपग्रहाचे नेटवर्क पकडतो आणि बिल भरमसाट येते, त्यामुळे फ्लाइट मोड लावून ठेवावा. मुलांना आधीच सांगावे की फोन लागला नाही तर घाबरू नका.

जहाजावर डॉक्टर असतात, मात्र त्यांचे शुल्क वेगळे असते आणि मोठ्या शस्त्रक्रियेची सोय नसते. म्हणून आजारी माणसाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च देणारा विमा घ्यावा. केबिनमधला फ्रिज नीट थंड होईलच असे नाही, तेव्हा इन्सुलिन ठेवण्याची सोय दवाखान्यात विचारावी. जेवणापूर्वी हात साबणानेच धुवावेत, कारण बोटींवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

बी-५०३ : काका, उतरायच्या दिवसाचे काही?

ए-७०२ : आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे आणि दाताची कवळी त्यात बंद करू नका. जहाजावरील आपल्या खात्यावर चढलेला खर्च त्याच रात्री रिसेप्शनवर तपासून घ्यावा, कारण सकाळी तिथे लांब रांग असते.