मदत हवी आहे: पॅनक्रियाटायटिसमध्ये (स्वादुपिंडाच्या सुजेत) पहिल्याच दिवशी सीटी करावा का?

केज_फिजिशियन:
वय ४२. वरच्या पोटात दुखून पाठीत कळ, उलट्या. लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) ११४० (लॅबची वरची मर्यादा १६०), क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) १.९, बिलिरुबिन (काविळीची चाचणी) २.४. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे, पण 'गॅसमुळे पॅनक्रिया (स्वादुपिंड) दिसला नाही'. दुखायला लागून २० तास झालेत. नातेवाईक विचारतायत, "सर, लातूरला नेऊन सीटी करून आणू का?" की सरळ एमआरआय?

लातूर_रेडिओ:
आज दोन्ही नको. ठरावीक दुखणं आणि तिपटीच्या वर लायपेज, निदान झालंच. नेक्रोसिस (स्वादुपिंडाचा मेलेला भाग) पहिल्या दोन-तीन दिवसांत सीटीवर नीट उमटत नाही. आजचा रिपोर्ट 'सूज आहे' एवढाच येईल आणि घरचे निर्धास्त होतील. रिंगर लॅक्टेट (सलाईन) चालू ठेवा, लघवी मोजा, ७२ ते ९६ तासांनी गरज वाटली तर करा. आतडं फुटल्याची किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असेल तर मात्र थांबू नका.

कॉन्ट्रास्टने (शिरेतून देतात ते, स्कॅनवर उठून दिसणारं औषध) किडनी बिघडेल या धास्तीने बरेच जण त्याच्याशिवाय साधा सीटी लिहून देतात. त्यात पाणी दिसतं, मेलेला भाग नाही. कॉन्ट्रास्ट द्यायचाच असेल तर कोपरापाशी गुलाबी, २० गेजची इंट्राकॅथ लावून पाठवा. निळ्या २२ मधून सेकंदाला ३-४ मिली भरवशाने जात नाही, मग ४० सेकंदांच्या आसपासचा पॅनक्रियाटिक फेज (कॉन्ट्रास्ट स्वादुपिंडात भरलेला असतानाचा स्कॅन) बिघडतो.

सोनोग्राफी वाया गेली नाही, खडे तिनेच दाखवले. उद्या परत करा, सीबीडी (मुख्य पित्तनळी) किती मिमी ते लिहून मागा. नळीचं खालचं टोक गॅसमागे लपतं. म्हणून बिलिरुबिन चढत असेल तर एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय). तिला कॉन्ट्रास्ट लागत नाही, पण श्वास रोखून पडावं लागतं. उलट्या थांबायच्या आत पाठवलं तर नुसत्या हललेल्या फिल्म्स हाती येतात.

संभाजीनगर_सर्जन:
थंडी-ताप आणि वाढती कावीळ दिसली तर एमआरसीपीच्या रांगेतही थांबू नका, २४ तासांत ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळी मोकळी करणं).
एमआरआयचा खरा उपयोग चार आठवड्यांनंतर. सीटीवर निव्वळ पाणी वाटणाऱ्या पोकळीत एमआरआयच्या टी-टू चित्रांवर गाळ दिसतो. तो न बघता बारीक पिगटेल (पाणी काढायची नळी) टाकली की ती तुंबते.

केज_फिजिशियन:
७२ तास भरतीपासून धरायचे?

लातूर_रेडिओ:
नाही, दुखायला लागल्यापासून. फॉर्मवर ती वेळ आणि ताजं क्रिएटिनिन लिहा. आणि सीडी मागून घ्या. पुढच्या स्कॅनशी तुलना करायला चार फिल्म्स पुरत नाहीत.