जुनं .३२ रिव्हॉल्व्हर घेतलंय, ट्रिगर जड लागतो
ट्रिगर जड आहे म्हणजे बिघडलंय असं नसते भाऊ. डबल ॲक्शनमध्ये ट्रिगरच्या त्याच एका ओढीत घोडा (मागचा हॅमर) मागे जातो, सिलिंडर फिरतो अन् घोडा सुटतो, म्हणून बोट दुखते. अंगठ्यानं घोडा चढवून मग ट्रिगर ओढून पाहा, किती हलकं वाटते ते. पण त्याच्या आधी उघडून गोळ्यांची सगळी घरं रिकामी आहेत का ते डोळ्यानं पाहा, मग बोटानं चाचपा, मी अजूनही दोनदा करतो, बायको हसते. घोडा चढवून सिलिंडर हलवा, जरासा खेळ चालतो, खटखट नको. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये इजेक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली मागच्या मालकाची काजळी निघाली, टूथब्रशनं घासली तेव्हा कुठे सिलिंडर मोकळा फिरला. नागपूरच्या मे महिन्यात तेल पातळ होऊन वाहते, थेंबभरच लावा. अन् लायसनवरचा नंबर बॉडीवरच्याशी जुळवला ना?