मायक्रोफायबर टॉवेल अन् पॅड धुवाचे कसे

भाऊ, तुम्ही लिहिलं का गाडी पुसाचे मायक्रोफायबर टॉवेल घरच्या कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकून सॉफ्टनर मारला का मऊ राहतात, तसं नका करू जी. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर अन् नायलॉन, बहुतेक ८०-२० नाहीतर ७०-३०, त्या बारीक धाग्यांवर सॉफ्टनरचा थर बसला का टॉवेल पाणी ओढतच नाही, नुसतं पसरवतो, अन् सुती कपड्यांची लव अडकते ते वेगळंच. साधं लिक्विड डिटर्जंट अन् कोमट पाणी, बस. आपल्या इकडे बोरिंगचं पाणी क्षाराचं, टॉवेल वाळला का कडक होतो, म्हणून शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर टाकून पाहा, लय फरक पडतो.

उन्हाळ्यात अंगणात उघड्यावर तर वाळवूच नका, वाऱ्यानं शेतातली धूळ बसते अन् तीच मग पेंटवर ओरखडे पाडते, घरात पंख्याखाली घाला.

गाडीले पॉलिश माराचे फोमचे पॅड पॉलिश वाळाच्या आतच धुवा, पिळू नका, दोन्ही तळहातांत दाबून पाणी काढा. उकळतं पाणी अन् ४५ डिग्रीचं ऊन, दोन्हीनं मागच्या वेल्क्रोचा, म्हणजे पॅड मशीनले चिकटवाच्या कापडाचा, गोंद सुटू शकतो. अन् खाली पडलेला टॉवेल न धुता पेंटला लावाचा नाही म्हणजे नाही, तो चाकाचे रिम पुसाले ठेवा.