ब्रिंगीच्या पात्रातलं विवर बुजवावं का?

घाटवाट (धागाकर्ता):
काश्मीरला जाणारे आपले लोक कोकरनागचे झरे बघतात, अच्छाबलच्या मुघल बागेत फोटो काढतात आणि पहलगामची गाडी धरतात. त्याच भागातल्या ब्रिंगी नदीकडे कोण बघतो? फेब्रुवारी २०२२ मध्ये वांदेवलगाम गावाजवळ तिच्या पात्रात विवर पडलं. सगळा प्रवाह त्यात उतरला, खालचं पात्र कोरडं झालं, ट्राउट मासे डबक्यांत अडकून मेले. लगेच ओरड सुरू: दगडमाती टाका, बुजवून टाका!

माझं मत, बुजवू नये. खाली चुनखडक आहे. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी किंचित आम्लधर्मी होतं, खडकाच्या फटी विरघळवत रुंद करतं, आणि हजारो वर्षांत आत वाटा तयार होतात. ब्रिंगीचं पाणी आतल्या आत अच्छाबलच्या झऱ्याला जातं, हे अभ्यासकांनी चाचण्या करून आधीच दाखवलेलं आहे. म्हणजे पाणी हरवलेलं नाही, नुसती वाट बदलली. तुम्ही तोंड बुजवाल, ते शेजारी दुसरं उघडेल.

गळटाक्या:
असहमत. "पाणी हरवलेलं नाही" हे खालच्या गावातल्या माणसाला सांगून बघा. त्याच्या शेताचा पाट कोरडा आणि तुम्ही त्याला बागेतला झरा दाखवणार!

माशांचंही तेच. तिथला ब्राऊन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाशी वाळू-गोट्यांत अंडी घालतो. थंड पाण्यात ती उबायला महिनोन्‌महिने लागतात. फेब्रुवारीत पात्र आटलं म्हणजे डोळ्यांना दिसले ते मेलेले मासे मोजायचे आणि गोट्यांखाली गेलेली अख्खी पिढी सोडून द्यायची. मे महिन्यात आटलं असतं तर निदान पिल्लं पोहून कुठेतरी गेली असती.

रानवारा:
ट्राउटसाठी एवढे अश्रू? तो तिथला नाहीच. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास हौसेखातर ब्रिटनहून अंडी आणवली. पहिली खेप वाटेतच मेली, दुसरी जगली, आणि श्रीनगरजवळच्या हारवनला पैदास सुरू झाली. मूळचा मासा काशिर गाड. त्याच्याबद्दल इथे कुणी एक ओळ लिहिली नाही.

गळटाक्या:
@रानवारा, पात्र कोरडं पडलं की काशिर गाडही मरतो. विवर जात विचारत नाही.

खडकाळ:
धागाकर्त्याशी अर्धा सहमत. आपण बसाल्टवर, म्हणजे काळ्या दगडावर वाढलो, त्यामुळे नदी गिळणारी जमीन आपल्याला चमत्कार वाटते. वणी-चंद्रपूरकडचा चुनखडकाचा पट्टा सोडला तर आपल्याकडे असं व्हायला खडकच नाही. इंग्लंडात स्टॅफर्डशायरची मॅनिफोल्ड नदी कोरड्या उन्हाळ्यात वेटन मिलजवळ जमिनीत जाते आणि इलमला वर येते. तिथल्या लोकांना त्याची सवय आहे.

पण खरी भीती वेगळी आहे. मुरमातून पाणी झिरपतं तेव्हा गाळलं जातं. चुनखडकाच्या भुयारातून ते जसंच्या तसं धावतं. विवरात कचरा, सांडपाणी किंवा बुजवायच्या नावाखाली राडारोडा टाकलात, तर तो झऱ्याच्या तोंडाशी येणार. आणि ते पाणी लोक पितात.

तांबडा पांढरा:
म्हणजे बुजवायचंही नाही आणि उघडंही ठेवायचं नाही. छान! मग करायचं काय?

खडकाळ:
विवराला वळसा घालून चर काढायचा आणि थोडं पाणी पात्रात चालू ठेवायचं. विवराभोवती कुंपण घालायचं. आणि मुख्य म्हणजे पात्रातला वाळू-गोट्यांचा उपसा थांबवायचा. वरचा थर खरवडून काढला की खालची पोकळी उघडी पडायला वेळ लागत नाही. तिथे नेमकं तसंच झालं असं मी म्हणत नाही, पण उपसा चालू ठेवून विवरावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

घाटवाट:
वळशाला माझा विरोध नाही. पण किती पाणी वळवणार? हिवाळ्यात नदीत मुळात पाणी कमी. सगळं पात्रात ठेवलंत तर अच्छाबल आटणार. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फच पुरेसं पडलं नाही, तेव्हा तो झरा आटल्याच्या बातम्या आपण वाचल्याच की. त्या झऱ्यावरही गावं आहेत, ट्राउटची हौदांतली पैदास आहे. पात्राकाठच्या गावाला पाणी द्यायचं की झऱ्याखालच्या गावाला, हा हिशेब आहे, आणि तुम्ही तो फक्त पात्रातल्या माशाच्या बाजूने मांडताय.

गळटाक्या:
आणि तुम्ही फक्त झऱ्याच्या बाजूने. हौदातल्या ट्राउटला माणूस खायला घालतो, गरज पडली तर पाणीही आणून देईल. नदीतल्याला कोण देणार? माझा आग्रह एवढाच: ऑक्टोबर ते मार्च पात्रात किमान प्रवाह राहिलाच पाहिजे. बर्फ वितळून नदी भरली की विवराने हवं तेवढं प्यावं.

रानवारा:
किमान म्हणजे किती, हे कोण ठरवणार? मत्स्य खातं की पाटावरचे शेतकरी?

तांबडा पांढरा:
दोघांनाही एकदा विवरापाशी उभं करा. आमच्याकडे कालव्याच्या आवर्तनावर जी भांडणं होतात ती बघता, सोबत पोलीस पाठवा.